व्हरांड्यातल्या चोवीस काचा

प्रत्येक शिक्षकाच्या हातात एक हुकमी एक्का असतो. सरांचा एक्का म्हणजे शाळेच्या व्हरांड्यातल्या खिडक्यांच्या काचा. नववीला द्रव्याच्या अवस्था शिकवायला घेतल्या की सर आधी कण समजावून सांगत. स्थायूतले कण म्हणजे रांगेत उभी केलेली मुलं, जागच्या जागी चुळबुळ करतील पण जागा सोडणार नाहीत. द्रवातले मधल्या सुट्टीतल्यासारखे, एकमेकांना ढकलत सरकणारे. आणि वायू म्हणजे शाळा सुटली, आता धरा कुणाला धरता ते. वर्ग खिदळायचा. मग सर आवाज खाली आणून विचारायचे, काच यातली कोण? सगळी पोरं एका सुरात "स्थायू" म्हणून ओरडली की सर त्यांना व्हरांड्यात नेत आणि सांगत, की काच हा अतिशय सावकाश वाहणारा द्रव आहे, म्हणून तर जुनी काच खालच्या बाजूला जाड होते. पोरांचे डोळे विस्फारायचे. चौतीस वर्षांत हा डाव एकदाही फसला नव्हता. सरांना तो त्यांच्या सरांनी शिकवला होता. मोजून मात्र गुरूनंही पाहिलं नव्हतं आणि शिष्यानंही.

मोजलं ते सरांच्या मुलीनं. ती आठवीतून नववीत जात होती. सुट्टीत चौकटींना रंग द्यायचा म्हणून शाळेनं व्हरांड्यातल्या काचा उतरवल्या होत्या आणि कुठली बाजू वरची ते कळावं म्हणून रंगाऱ्यानं प्रत्येकीवर खडूनं खूण केली होती. पोरीनं सरांच्या ड्रॉवरमधला व्हर्निअर कॅलिपर उचलला आणि चार दिवस उन्हात बसून चोवीसच्या चोवीस काचा मोजल्या. अकरा खाली जाड, सात वर जाड, सहा दोन्हीकडे सारख्या. बापाला ती काही बोलली नाही. सहामाहीत "काचेची अवस्था सकारण सांगा" असा दोन गुणांचा प्रश्न आला, तिथे तिनं सगळं लिहिलं. काचेतले कण रांगेत नसतात, पण जागाही सोडत नाहीत, म्हणून काच स्थायू आहे. खाली मापांचा तक्ता.

सरांनी दोन्ही गुण कापले. एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी होती. पण स्वतःच्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, या धास्तीनं त्यांनी तिला उभं केलं, उत्तर मोठ्यानं वाचायला लावलं आणि म्हणाले, "मोजमाप हे वेंधळ्यांचं काम नव्हे." वर्ग पोट धरून हसला. ती खाली बसली. पुढे दहावीनंतर वाणिज्य शाखेला गेली, एका कचेरीत नोकरीला लागली, लग्न झालं. बापलेकीत भांडण म्हणून कधी झालं नाही. जेवलात का, औषध घेतलंत का, असे फोन दर रविवारी येत राहिले. सर लोकांना सांगत, तिला विज्ञानाची मुळात आवडच नव्हती हो.

आता ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि सरांच्या घरातल्या उजेडाच्या खोलीत पडून होती. डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला घरी पाठवलं. तिच्या नवऱ्याची नोकरी जवळच होती, तो संध्याकाळी यायचा. दिवसभर शहात्तर वर्षांचा बाप लेकीजवळ बसायचा. सकाळी ती थोडा वेळ जागी असे, संध्याकाळी तासभर. तो तासही दिवसेंदिवस आखडत चालला होता.

तिच्या उशाजवळच्या खिडकीची काच तडकली होती आणि फटीतून वारा आत येत होता, म्हणून सरांनी काचवाल्याला बोलावलं. तो सरांचाच जुना विद्यार्थी, मुलीच्याच वर्गातला, विज्ञानात दोनदा गटांगळ्या खाल्लेला. ती झोपली होती म्हणून तो हलक्या हातानं काम करत होता. पुट्टी खरवडून त्यानं काच सोडवली, कडेवरून अंगठा फिरवला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बघा सर, ही वर जाड आहे."

"उलटी बसवली असेल," सर म्हणाले.

"पूर्वीची काच सारखी यायचीच नाही, सर. कुठे जाड, कुठे पातळ. बसवणारा बहुतेक वेळा जाड कड खाली ठेवायचा, बसायला बरी म्हणून. घाईत असला की येईल तशी. वाहतबिहत काही नाही ती."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"धंद्यात पडलो तेव्हापासून. झाली की तीस वर्षं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

काचवाल्यानं पलंगाकडे पाहिलं. "तुम्हाला कोण सांगणार, सर? एकीनं सांगितलं होतं. तिचं काय झालं ते आम्ही बघितलं ना. मीपण हसलो होतो."

तो नवी काच बसवून गेला. सर खुर्चीत बसून राहिले. त्यांना आधी काचवाल्याचा राग आला, मग स्वतःच्या सरांचा, आणि मग राग करायला दुसरं कुणी उरलं नाही. पण सवय कुठे जाते? पुराव्याशिवाय बोलायचं नाही हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. शेजारच्या काकूंना घडीभर बसायला सांगून, कॅलिपर खिशात टाकून ते शाळेकडे निघाले. एखाददुसरी काच उतरवून घेऊ, मोजू, आकडा घेऊनच तिच्यासमोर जाऊ.

व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत्या खिडक्या होत्या, ॲल्युमिनिअमच्या.

"आठ वर्षं झाली बदलून," शिपाई कौतुकानं म्हणाला. "जुन्या सगळ्या भंगारात गेल्या. आता धूळसुद्धा येत नाही बघा."

सरांनी खिशातल्या खिशात कॅलिपर घट्ट धरला. परतताना दोनदा त्यांना रस्त्यात थांबावं लागलं. छातीत काही दुखत नव्हतं, नुसती लाज वाटत होती, आणि लाजेनं पाय उचलत नाहीत हे त्यांना या वयात कळत होतं.

संध्याकाळी ती जागी झाली. "कुठे गेला होतात?"

"शाळेत." सरांनी काचवाल्याचं सगळं बोलणं, वर्गात सूचना वाचून दाखवावी तसं, सांगून टाकलं. मग म्हणाले, "तुझी मापं बरोबर होती."

तिनं त्यांच्याकडे मान वळवली. "मोजून आलात?"

"नाही. त्या काचा आता नाहीत."

"मग कशावरून म्हणता?"

हा सरांचाच प्रश्न. या प्रश्नानं त्यांनी किती पोरांची बोबडी वळवली होती याची गणतीच नाही. आज त्यांच्याकडे ना आकडा होता, ना तक्ता.

"तू मोजली होतीस म्हणून," ते म्हणाले.

तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. सरांनी ते चादरीच्या टोकानं पुसलं. पुसलं कमी गेलं आणि पसरलंच जास्त.

"अकरा, सात, सहा," ती म्हणाली. "मला सायन्सलाच जायचं होतं, बाबा. शिकवायचं होतं."

सरांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले होते की," ती म्हणाली. "एकदा. उभं राहून."

सर रडले. बायको गेली तेव्हाही ते लोकांदेखत रडले नव्हते, आता मात्र लेकीसमोर लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. ती वाट पाहायला शिकलेली होती, थांबली. मग सर खुर्चीवरून उतरून पलंगाशी जमिनीवर बसले, म्हणजे तिला मान वळवावी लागू नये.

"मला शिकव," ते म्हणाले. "तू हा धडा कसा घेतला असतास, ते सांग."

ती किंचित हसली. डोळे मिटून तिनं थोडा विचार केला. "रांगेबिंगेचं उदाहरण दिलंच नसतं मी," ती हळूहळू म्हणाली. "आधी काही सांगितलंच नसतं. प्रत्येकाच्या हातात एकेक काच दिली असती. म्हटलं असतं, मोजा. आणि मग..."

सर वाट पाहत राहिले. तिचा श्वास संथ झाला, तिला झोप लागली होती. जावई आला आणि त्यानं दिवा लावला, तरी ते तसेच जमिनीवर मांडी घालून बसलेले होते. "बाबा, उठा, थंडी आहे," तो म्हणाला, तर त्यांनी त्याला हातानंच गप्प केलं.

त्यानंतर ती चार दिवस होती. दोनदा जागी झाली. एकदा पाणी मागितलं, एकदा नवऱ्याला हाक मारली. दोन्ही वेळा सर पलंगाशी खालीच बसलेले होते. "मग"च्या पुढचं ती काही बोलली नाही.