मोठ्यांचं पाणी

धम्मप्रियाने परीक्षानळीत द्रावणाचे थेंब टाकले, नळी हलवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. गावातल्या बाकीच्या बोअरचं पाणी गुलाबीच राहिलं होतं. हे मात्र बघता बघता पिवळं पडलं. फ्लोराइड जितकं जास्त, तितका रंग पिवळा. पाणी बौद्धवाड्यातल्या हातपंपाचं होतं. लहानपणापासून ती तेच पीत आली होती.

नायगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तिला संशोधनाची फेलोशिप मिळाली होती. तपासणीचं साहित्य त्यातूनच आलं. तिच्या मार्गदर्शक शिल्पा मॅडमनी तेच नमुने नांदेडच्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घेतले. निकाल बदलला नाही. आजी कोंडाबाईचे गुडघे सरळ का होत नाहीत, धाकट्या भावाच्या, अश्वजितच्या दातांवर तपकिरी पट्टे कशाचे, ते आता कळलं.

तिने वाड्यातल्या बायांना विहारात बसवून सगळं समजावलं. ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं. एक माणूस रंगाचा डबा घेऊन आला आणि पाणी पिऊ नये याची खूण म्हणून पंपाला लाल रंग फासून गेला. नळयोजनेची पाइपलाइन वाड्याच्या अलीकडेच थांबली होती, ती पुढे सरकली नाही. टँकरचं बोलणं झालं. टँकर आला नाही.

मग बाया गावातल्या बागायतदाराच्या, अण्णारावांच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. अण्णारावांनी नाही म्हटलं नाही. फक्त आमच्या गड्यांचं, जनावरांचं आधी होऊ द्या, म्हणाले. बाया उन्हात बांधावर बसून राहत. कुणाची मजुरी बुडे, कुणी एकच घागर घेऊन परते. शेजारच्या नागुबाईने एकदा धम्मप्रियाला वाटेत थांबवलं.

"पोरी, कळत नव्हतं तवा दारात पाणी तरी होतं."

पाणी शुद्ध करायचं यंत्र फेलोशिपमधून बसवता येईल का, हे धम्मप्रियाने मॅडमना विचारलं. फेलोशिप अभ्यासापुरतीच असते, असं मॅडम खाली बघत म्हणाल्या.

नांदेडला संशोधन स्पर्धेत तिचं सादरीकरण झालं. परीक्षकांनी पुढे काय झालं ते विचारलं.

"पंपाला लाल रंग दिला, सर."

"छान. म्हणजे उपयोग झाला."

तिचा पहिला नंबर आला. टाळ्या वाजत असताना मॅडम भिंतीवरचं पोस्टर काढून गुंडाळत राहिल्या.

दिवेलागणीला ती घरी पोचली. आई महामायाने ताट वाढलं आणि कोपऱ्यातल्या घागरीतून तांब्या भरून ठेवला. घागरीच्या काठाला लाल रंग लागला होता.

"आई, हे पंपाचं हाय."

"हाव." आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "विहिरीचं अश्वजितपुरतंच हाय. लहान लेकरांच्या हाडाला जास्त धोका, तूच सांगितलंस की विहारात. समद्या वाड्यानं ठरवलंय. मोठ्यांनी पंपाचं प्यायचं."

भिंतीला टेकून आजी भाकरी कुस्करत होती. तिच्या पुढ्यातला पेला अर्धा रिकामा झाला होता. पलीकडे अश्वजित पुस्तक मांडीवर घेऊन जेवत होता.

धम्मप्रियाने तांब्यात पाहिलं. पाणी नितळ होतं. बुडाचा पोचा दिसत होता. तिने तांब्या जरा बाजूला सारला आणि जेवायला घेतलं. कोरड्या भाकरीचा घास घशात अडकला, तेव्हा तिने तोच तांब्या उचलून तोंडाला लावला.