बिनखिळ्याचं कपाट

कपाट येणार नसेल तर मीही येणार नाही, असं बायकोनं तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पानासाहेबांना कळून चुकलं की ही नुसती धमकी नाही. दुपारी दोनला टेम्पो यायचा होता. संध्याकाळी घराची किल्ली नव्या मालकाच्या हातात द्यायची होती. लेकीकडे दुसऱ्या मजल्यावर दोघांची खोली रंगवून तयार होती. पण तिथवर जाणारा जिना असा अरुंद आणि वळणाचा, की हे कपाट उभं, आडवं, तिरकं, कसंही त्यातून जाणं शक्य नव्हतं.

पानासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सदतीस वर्षं ते कारखान्यात फिटर होते आणि खिशात पाना असल्याशिवाय जेवायलाही बसत नसत, म्हणून तिथल्या टवाळांनी ठेवलेलं हे नाव घरापर्यंत आलं आणि मुक्कामाला राहिलं. निवृत्त झाले तरी जे हलतं ते आवळायचं, हा त्यांचा धर्म सुटला नव्हता.

कपाट बायकोचं. ज्या मामांनी तिला लहानाचं मोठं केलं त्यांनी ते तिला लग्नात दिलेलं. मामा बोटीवर स्वयंपाकी होते. चीनमधल्या कुठल्याशा बंदरात त्यांनी ते घेतलं, तेव्हाच ते शंभर वर्षांचं होतं म्हणे. गडद तांबडं, पुरुषभर उंच, दोन दारं आणि मधोमध बशीएवढी गोल पितळी चकती. दारांना बिजागऱ्या नाहीत, लाकडाचीच खुंटी लाकडाच्याच भोकात फिरते. यात एक खिळा नाही की थेंबभर गोंद नाही, सांधे उकलले की सगळं फळ्या फळ्या होऊन हातात येतं, असं मामा सांगत. बायकोनं हे घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा त्यातून सुटला नव्हता.

म्हणून जिन्याचा विषय निघाला तेव्हा ती निर्धास्त होती. "अहो, सुटं करून न्यायचं. त्यात काय एवढं?"

पानासाहेब मात्र ते इथेच सोडून जाऊ म्हणत राहिले. कारण त्या कपाटात त्यांनी चार स्क्रू मारलेले होते.

बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक तेव्हा धरून धरून चालायला शिकत होती. ती कपाटाला धरून उभी राहायची आणि कपाट कुरकुरत डुलायचं. बायको पोरीला घेऊन आठ दिवस मामांकडे गेली, तेवढ्यात पानासाहेबांनी संधी साधली. मागच्या बाजूनं, वरच्या पट्टीतून खांबांत, मापानं भोकं पाडून चार स्क्रू. वरून भोकं बुजवायला लांबी भरली, तांबडा रंग दिला आणि घासून इतकं बेमालूम केलं की दुसऱ्या दिवशी जागा त्यांची त्यांनाच सापडेना. तेव्हा छाती फुगली होती. मग बायको परत आली, पाहुण्यांपुढे तिची टकळी पुन्हा सुरू झाली, आणि हे तेव्हापासून मूग गिळून बसले होते.

दहाला सुतारबाई आल्या. जुन्या लाकूडसामानाच्या दुरुस्तीतच त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी दारं अलगद वर उचलून काढली, मधला खांब सरकवला, मग लाकडी हातोड्यानं वरची पट्टी ठोकू लागल्या. पट्टी हूं की चूं करेना. त्यांनी पिशवीतून लोहचुंबक काढलं आणि कपाटावरून इंच इंच फिरवलं. पानासाहेब त्याच्या मागे मागे सरकत राहिले. पण चुंबक कुठेच चिकटलं नाही.

मग त्यांच्या ध्यानात आलं. लोखंड गंजतं, लाकडावर डाग पडतो, म्हणून त्यांनी मुद्दाम पितळेचे स्क्रू आणले होते. कामात कसूर केली असती तर आज बरं झालं असतं.

"लोखंड तर नाही कुठे," सुतारबाई म्हणाल्या. "लाकूड फुगून सांधे धरलेत बहुतेक. जोर केला तर खांब चिरतील. काकू, वरची पट्टी दोन्हीकडून कापावी लागेल. नंतर जोडून देईन, पण मूळचं ते मूळचं."

बायको बांधून ठेवलेल्या खोक्यावर मटकन बसली. ओरडली नाही, रडली नाही. "कापा," एवढंच म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. दिवसभर अखंड बोलणारी ही बाई गप्प बसलेली पानासाहेबांना बघवेना. सुतारबाईंनी करवत काढली.

"थांबा!" ते इतक्या जोरात ओरडले की सुतारबाईंच्या हातून करवत पडली. "मागे चार स्क्रू आहेत. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. मी मारलेत. पितळेचे आहेत, म्हणून चुंबकाला सापडले नाहीत."

बायको सावकाश वळली. "कधी?"

"तू मामांकडे गेली होतीस तेव्हा. हलत होतं गं ते. पोरीच्या अंगावर पडलं असतं म्हणजे?"

"आणि मी जगाला सांगत सुटलेय, एक खिळा नाही म्हणून!"

"हो."

"अहो, गॅसवाल्याला सांगितलं मी!"

सुतारबाई मध्ये पडल्या. "काका, हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, सांधे ढिले पडतात. ओल आली की आपोआप आवळतात. चार महिने थांबायचं होतं फक्त."

सदतीस वर्षांत पानासाहेबांनी आपोआप आवळलेलं काही पाहिलं नव्हतं. ते खाली मान घालून, मापानं जागा हुडकून, लांबी खरवडून स्क्रू काढायला बसले. चारही निघाले, वरची पट्टी सुटली, खांब मोकळे झाले. खालचा डावा पाय मात्र ढिम्म हलेना.

"काका, अजून आहेत का?"

"शपथ घेतो! चारच होते."

दोघांनी बायकोकडे पाहिलं. ती चष्मा पुसायला लागली होती, आणि चांगला स्वच्छ झाला तरी थांबेना.

"तिथे गोंद आहे," ती म्हणाली. "झाडायला म्हणून ओढलं आणि पाय निखळला. हे कामावर होते. पोरीचा शाळेचा गोंद होता घरात. अख्खी बाटली ओतली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही स्क्रू मारले असते!"

सुतारबाई हसता हसता जमिनीवरच बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "शाळेचाच ना? मग वाफेनं सुटेल. पाणी ठेवा उकळायला."

पानासाहेबांचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, हेही त्यांना आत्ताच जाणवलं. पाणी ठेवता ठेवता त्यांनी उभ्याउभ्या दोन केळी खाल्ली.

संध्याकाळी लेकीच्या घरी, नव्या रंगाच्या खोलीत कपाट उभं राहिलं. शेवटची पाचर बसवून सुतारबाई म्हणाल्या, "थोडं डुलेल. सवयीनं बसेल जागेवर. दोघांनीही काही करू नका." आणि दोघांकडे रोखून बघत त्या जिना उतरून गेल्या.

खोलीत दोघंच उरली. पानासाहेबांनी कपाटाला हलकेच हात लावला. ते कुरकुरलं आणि केसभर डुललं. त्यांनी हात मागे घेतला.

"आता सांगूनच टाका," बायको पलंगावर टेकत म्हणाली. "अजून काही लपवलंय का माझ्यापासून?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "नाही. काही नाही. तुझं?"

बायकोनं उठून कपाटाची दोन्ही दारं उघडली.

"आधी कपडे लावून घेऊ," ती म्हणाली.