पत्र आईचं, नाव तुआलांचं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. दूर समुद्रातल्या सावाई बेटावर बायकांच्या चटया विणायच्या घरात एका कोपऱ्यात माझं टेबल आहे. खाऱ्या वाऱ्यानं माझे स्क्रू गंजले, पडद्यामागे पालीनं अंडी घातली. पण एके काळी या गावाची सगळी पत्रं माझ्या पोटातून जायची.

मी बोटीतून उतरलो, त्या दिवशी बायकांनी माझ्या गळ्यात फुलांची माळ घातली होती. शाळेच्या एसेताबाईंनी माझ्यात ईमेलची चार खाती मांडली. गावचे प्रमुख तुआला, त्यांची बायको लोसा, विणकाम मंडळ आणि शाळा. येणाऱ्या पत्रांची वाट प्रत्येकाला वेगळी दिली. जाणाऱ्या पत्रांसाठी मात्र चारही खात्यांना एकच सर्व्हर, म्हणजे पत्रं पुढे धाडणारं टपालघर, जोडला, तुआलांचा, त्यांच्याच पासवर्डसकट. बाईंना त्यात वावगं वाटलं नाही. गावाबाहेर बोलायचं ते प्रमुखानं, सगळ्यांच्या वतीनं, ही इथली रीत.

पण तो सर्व्हर कडक. ज्याचा पासवर्ड, त्याचंच नाव तो पत्रावर लावायचा. माझ्या पडद्यावर पत्र लोसाचंच दिसे. वाटेत ते तुआलांचं होऊन जाई.

लोसा दर शनिवारी न्हाऊन, ओल्या केसांनी यायची. तिची लेक सिनेवा ब्रिस्बेनला होती. बापाला न विचारता लग्न केलं म्हणून बापलेकीत बोलणं तुटलेलं. लोसा लिहायची, नीरफणस लगडलाय. तुझ्या डुकरिणीला सात पिल्लं झाली. उत्तर येत नसे. मग ती माझ्यावरची धूळ पदरासारख्या आपल्या लुंगीच्या टोकानं पुसायची आणि म्हणायची, "तुला ऐकू जातं ना रे? मग तिला का जात नाही?"

असं वर्ष गेलं.

एके दिवशी विणकाम मंडळानं लिहिलेल्या पत्राला ऑकलंडच्या एका दुकानदाराचं उत्तर आलं, पण तुआलांच्या खात्यात. बाईंनी ते सगळ्यांसमोर वाचलं. तुआलांनी स्वतः विणलेल्या चटया फार सुंदर आहेत, त्यांच्या बोटांत जादू आहे, असं त्यात होतं. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. म्हातारी फिलिगा म्हणाली, "चला तुआला, उद्यापासून आमच्या रांगेत बसा. केवड्याची पानं सोलण्यापासून शिकवते."

तुआलाही हसले. लोसा तेवढी हसली नाही.

"म्हणजे माझीही पत्रं यांच्याच नावानं गेली?" तिनं हळूच विचारलं.

बापाचं नाव दिसल्यावर सिनेवा पत्र उघडणार नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तुआला उठून माझ्या टेबलापाशी आले. मग म्हणाले, "एसेता, माझं नाव काढ तिथून. आईचं पत्र आईच्या नावानं जाऊ दे."

बाईंनी दुपारभर बसून प्रत्येक खात्याला जाणाऱ्या पत्रांचा आपापला सर्व्हर, आपापलं नाव, आपापला पासवर्ड दिला. प्रत्येकातून एकेक पत्र स्वतःला पाठवून नाव तपासलं. मग लोसानं एकच ओळ लिहिली.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'आई, इतके दिवस कुठे होतीस? बाबांच्या नावाची पत्रं रागानं उघडली नाहीत, पण एकही पुसलं नाही. आता सगळी वाचतेय. पिल्लं केवढी झाली?'

लोसानं ते तीनदा वाचलं. खांबाआडून तुआलांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही?"

"तुम्हीच विचारा," ती उठून खुर्ची सरकवत म्हणाली, "तुमचं खातं आहे की."

त्यांचं ते एका बोटानं अक्षर शोधणं मला अजून आठवतं. तीन ओळींना संध्याकाळ झाली.

आता सगळ्यांच्या हातात फोन आहेत. माझ्यावर केवड्याची पानं वाळत घालतात. मित्रांनो, नवं यंत्र घ्याल, तेव्हा आपल्या पत्रावर कुणाचं नाव लागतं ते एकदा स्वतःला पत्र धाडून बघा. आणि कधी माझी धूळ पुसलीत, तर पालीच्या अंड्यांना धक्का लावू नका. या घरात एक आई आपल्या लेकरांची चौकशी करायला आजही माझ्यापाशीच येते.