परक्या डोळ्यांत

"वर बघ," म्हणत इसोकेनने एफोसाची पापणी बोटाने अलगद उचलली. थेंब पडताच तो कळवळला.

"हार्माटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ," तो नेहमीसारखं म्हणाला. "हा वारा सरला की आग थांबेल."

"हो, दादा."

एफोसाच्या रक्तात जन्मापासून दोष होता. हाडं अशी ठणकायची, की तो चादर दातांत धरून पडे. अखेर इसोकेनची, त्याच्या या धाकट्या बहिणीची, अस्थिमज्जा त्याच्या अंगात घातली आणि ते दुखणं कायमचं गेलं. आईने साऱ्या गल्लीला जेवू घातलं. पण पुढे त्याच्या डोळ्यांतलं पाणी आटलं, बुबुळांवर व्रण पडले. डावा डोळा गेला. उजव्याला माणसाची नुसती सावली दिसे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद झालं. बहिणीच्या पेशी त्याच्या डोळ्यांना परकं समजून त्यांच्यावर उठल्या आहेत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा त्याने त्यांना हात जोडले होते. इसोकेनला हे कळू द्यायचं नाही.

त्या दिवशी तपासणीला तीच सोबत होती.

"साध्या थेंबांनी आता भागणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तातलं पातळ पाणी काढून त्याचे थेंब करू. निरोगी माणसाचं रक्त लागेल."

"चुलतभाऊ देईल," एफोसा घाईने म्हणाला. "हिचं नको. हिने पुष्कळ दिलंय."

इसोकेन बाही वर सारू लागली होती.

"त्याचा काय संबंध? भांडण माझ्या रक्ताने काढलंय. समजूत घालायलाही तेच जाऊ दे."

एफोसाचा चेहरा तिच्या आवाजाकडे वळला.

"तुला कुणी सांगितलं?"

"भर पावसाळ्यातही तू धूळच म्हणायचास, दादा. पावसात कसली रे धूळ? तेव्हाच इथे येऊन विचारून गेले मी."

डॉक्टरीणबाई कागदांत डोकं घालून बसल्या. एफोसाने चाचपत बहिणीचा हात शोधला आणि घट्ट धरला. तो काही सोडेना. शेवटी नर्सने दुसऱ्या हाताला सुई टोचली.

नव्या थेंबांनी नजर परत आणली नाही. आग मात्र निवली. तो उजेडात डोळे उघडे ठेवून बसू लागला. एका सकाळी इसोकेनने नुकतेच थेंब घातले होते. आई चवळीचे गरम अकारा वडे घेऊन आत आली, तर त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"काय बोललीस गं त्याला? रडवलंस ना सकाळी सकाळी!"

इसोकेनने तोंड उघडलं, तोच एफोसाने तिचा पाय दाबला.

"बघ ना, आई," तो म्हणाला. "फार छळते."

गाल मात्र त्याने पुसला नाही.