आल्याचं विरजण

२०२२ साली माझ्या भाच्यानं, ललितनं, आमच्या धुळ्याच्या उपाहारगृहातली सत्तर वर्षांची बरणी फिनेलनं धुवून घेतली.

त्या बरणीत विरजण होतं. रोज आलं-साखर घातली की ते जिवंत राही. नाना, माझे वडील, त्यावर फसफसतं आल्याचं पाणी करून गोटीच्या बाटल्यांत भरत. पाचोऱ्याहून लोक प्यायला येत. घरचा नियम एकच: विरजण सुनेला द्यायचं, लेकीला नाही. आईला, भागाबाईला, तो कधी पटला नाही. माझं लग्न एरंडोलला झालं तेव्हा तिनं मला बाटलीभर दिलं. ती गेल्यावर थोरल्या भावाला, प्रेमराजला, ते कळलं. त्यानं भर गल्ल्यावर, गिऱ्हाइकांसमोर, मला चोर म्हटलं. त्यानंतर मी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं.

आणि आता ललित साडी घेऊन माझ्या दारात.

"आत्या, बरणी काउंटरवर ठेवलीय. दिवे लावलेत. झकास दिसते."

"आणि आतलं? बठ्ठं धुई टाकं? सगळंच?"

"वास यायचा हो... आता गिऱ्हाईक तेच पाणी मागतंय. थोडं विरजण द्या. आपल्या घरचंच ना ते?"

"आपल्या घरचं? मग मी चोर कशी? घाल ती साडी पिशवीत. तुझ्या बापाला गल्ल्यावर बसव. जिथं म्हणाला तिथंच त्याला बोलू दे."

मी जपलेल्या विरजणाची बाटली घेऊन धुळ्याला गेले. जेवणाची वेळ, सगळी टेबलं भरलेली. प्रेमराज काठी धरून उभा राहिला.

"रुक्मे, आईनंच दिलं होतं. मला तेव्हाही ठाऊक होतं."

ठाऊक होतं!

"मग चोर कशाला म्हणालास?"

"लेकी नेऊ लागल्या तर दुकानाला कोण विचारील, असं वाटलं."

"आज लेकीनं नेलं म्हणूनच उरलंय!"

बाटली मी ना त्याच्या हाती दिली, ना ललितच्या. ललितची बायको, घरची सून दिपमाला, हिला हाक मारून तिच्या हाती दिली.

प्रेमराज पुढच्या दिवाळीआधी वारला. मी गेले, रडलेही. माफ मात्र केलं नाही. बरणी काउंटरवरून उतरली, दिपमाला रोज तिच्यात आलं घालते. तिची लेक पुनम लग्न होऊन फैजपूरला गेली, ती सगळ्यांदेखत विरजण घेऊनच. ललितचा धंदा जोरात आहे. त्याच्या नव्या पाटीवर तीन पुरुषांची नावं आहेत. भागाबाईचं कधी लिहितोस, हे मी त्याला दर फोनला विचारते.