दहानंतर बारा

त्या मंगळवारी सकाळी आई फ्रिजच्या दारावर मार्करने सिद्धता मांडत होती आणि मागे दूध उतू चाललं होतं.

"अगं आई, गॅस!"

"थांब गं, आत्ता कुठे डेल्टा सापडतोय."

"डेल्टा सापडेल, पण शेगडी पुसणार कोण?"

"जिला दूध दिसलं ती," आई म्हणाली आणि वळलीसुद्धा नाही.

सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढून आई निवृत्त झाली आणि सरळ विद्यापीठात जाऊन गणिताच्या पदवीला बसली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मामा तर म्हणाला, "ताई, आता या वयात कुठे दिवे लावणारेस?" आईने कुणाला भीक घातली नाही. पहिल्या वर्षी कॅल्क्युलसने तिला घाम फोडला. दुसऱ्या वर्षी तीच त्याच्या मानगुटीवर बसली.

घोर एकच होता, मंगळवारच्या तासाचा. त्या तासाला हजेरीच्या क्रमाने एकेकाने फळ्यापाशी जायचं, सिद्धता मांडायची आणि वर्गाने तिच्या चिंध्या करायच्या, अशी सरांची पद्धत. चुकलं की सर खेकसत, "ही ओळ कुठून आली? आकाशातून पडली?" पोरं रडकुंडीला येत, पण गणित शिकत ती तिथेच. आईचा नंबर अकरा. दहावा बसला की सर गोड हसत. "काकू, तुम्हाला कशाला त्रास? बारा नंबर, चला!"

मुलीला हे सगळं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी आई घरात शिरली ती चपला भिरकावतच.

"आज उठून उभी राहिले होते गं मी. खडूही उचलला. तर म्हणतो, 'काकू, या पोरांना नोकऱ्या शोधायच्यात, वेळ त्यांना देऊ या.' आणि मी काय तिथे हवा खायला जाते?"

"मी येते उद्या. बघतेच त्याच्याकडे."

"काही नको. मी बालवाडीत नाहीये पालकांना घेऊन जायला. तू यात एक अक्षर बोलायचं नाहीस. पुढच्या मंगळवारी फळा अडवून उभीच राहते. कसा खाली बसवतो बघू."

रात्री जेवतानाही ती धुसफुसत होती. सकाळी उठलीच नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या मंगळवारी, त्याच वर्गात, त्याच तासाला शोकसभा ठेवली. टेबलावर फोटो, फोटोला हार. मुलगी पहिल्या बाकावर बसली होती. आभाराचे दोन शब्द बोलायचे आणि निघायचं, एवढंच ठरवून ती आली होती. चार माणसांत आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि आईची ताकीदही होती.

सर बोलायला उभे राहिले. "काकू म्हणजे आमच्या वर्गाची आई. कधी काही मागितलं नाही. गुणांची हाव नाही, कुणाशी स्पर्धा नाही. आणि एक सांगतो, माझ्या वर्गात या फळ्यावर त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही."

बाकांवरची पोरं एकदम खाली बघू लागली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "कशी होणार?" सरांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले, आणि डोळे खरंच ओले होते. त्याचीच मुलीला जास्त चीड आली. माणूस मनापासून बोलत होता.

"अशा समाधानी मनाने फार थोडे लोक जातात," सर म्हणाले. "ताई, तुम्ही दोन शब्द बोला."

मुलगी उठली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आवाज मात्र नेहमीसारखाच निघाला.

"सर, तिची चूक झाली नाही, कारण तुम्ही तिला ती करूच दिली नाहीत. दर आठवड्याला तयारी करून यायची ती. तुम्ही दहानंतर बारा म्हणायचात."

"अहो, मी त्यांच्या वयाचा मान..."

"मध्ये बोलू नका. तिने मला गप्प बसायला सांगितलं होतं, म्हणून इतके दिवस बसले. या पोरांवर खेकसता तसे तुम्ही तिच्यावर एकदा खेकसला असतात ना, तर शीळ घालत घरी आली असती ती. समाधानी वगैरे काही नव्हती, सर. माझी आई तुमच्यावर चिडलेली असताना गेली."