निरोपानंतर वाचायचा निकाल

न्यायमूर्तींचा एकही निकाल वरच्या न्यायालयाने कधी फिरवला नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि ती सर्वस्वी खरी होती. जो निकाल दिलाच नाही, तो फिरवणार कोण? सोप्या खटल्यांत ते झटपट आणि डौलदार निकाल देत. अवघड खटल्यांत दोन्ही बाजू एकाग्रतेने ऐकून ‘निकाल राखून ठेवला आहे’ एवढेच म्हणत. बढती आली की ते भिजत घोंगडे जुन्या खुर्चीपाशी राही आणि नव्या न्यायमूर्तींना सुनावणी पहिल्यापासून घ्यावी लागे. अशा रीतीने, अडचणीचे काहीही न ठरवता, ते बरेच उंच पोहोचले. वकीलमंडळी या गुणाला संयम म्हणत.

निवृत्ती तोंडावर आली तेव्हा असा एकच निकाल उरला होता. इस्पितळात चुकीच्या औषधाने एक रुग्ण दगावला. औषध लिहून देणारे डॉक्टर साक्षीदार झाले आणि ते टोचणारी परिचारिका तुरुंगात गेली. तिचे अपील ऐकून झाल्याला दोन उन्हाळे लोटले होते.

“बाबा, तिचं काय करताय?” जेवताना लेकीने विचारले. ती स्वतः वकील होती. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहण्याची तिला खोड होती.

“विचार चालू आहे.”

“कसला विचार? पुरावा फुसका आहे, असं तुम्हीच म्हणालात.”

“फुसका आहे हे नीट लिहायला वेळ लागतो, बाळा.”

“न लिहिता निवृत्त झालात तर ती आतच राहणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिचा भाऊ येऊन मागच्या बाकावर बसतो, दिसत नाही तुम्हाला?”

“दिसतो की. फार शिस्तीचा माणूस आहे.”

“आई, तू तरी सांग यांना.”

“मी काय सांगू?” आई म्हणाली. “लग्नाला हो म्हणायलासुद्धा यांनी मला वर्षभर टांगून ठेवलं होतं.”

टोमणा वर्मी बसला असावा. त्याच आठवड्यात न्यायमूर्तींनी निर्दोष मुक्ततेचा निकाल लिहिला आणि तो उत्तम होता, हे मान्य करणे भाग आहे. भर कोर्टात वाचला जाईपर्यंत निकाल हा नुसता कागद असतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरीही अखेरच्या दिवशी सकाळी त्यांनी तो वाचला नाही. निरोपाची भाषणे आटोपली की, सेवेतले शेवटचे कृत्य म्हणून, एका निरपराध स्त्रीला मोकळे करायचे असा त्यांचा बेत होता. वर्तमानपत्रांना हा क्रम अधिक आवडला असता.

कोर्टातच चाललेली ही भाषणे मात्र आटोपेनात. एकाने त्यांच्या संयमाची तारीफ केली, दुसऱ्याने करुणेची, तिसऱ्याने पहिल्या दोघांच्या भाषणांची. पहिल्या रांगेतून लेकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. न्यायमूर्तींनी घड्याळ पाहिले, समजल्यासारखी मान हलवली आणि पुढच्या वक्त्याला हसून खूण केली. हे गृहस्थ त्यांच्या तत्परतेवर बोलणार होते.

ते सविस्तर बोलले. कामकाजाची वेळ संपली तसे मुख्य न्यायमूर्ती उठले, सारे उठले, कोर्ट उठले.

“एक छोटासा निकाल वाचायचा राहिलाय,” न्यायमूर्ती त्यांच्या कानाशी म्हणाले. “दोन मिनिटं परत बसू या.”

“अहो, कसं बसणार? एकदा उठलेलं कोर्ट त्या दिवशी पुन्हा बसू शकत नाही, हे तुम्हीच ठरवून दिलंय. वरही कायम झालंय.”

“हो, तेही खरंच,” न्यायमूर्ती म्हणाले. स्वतःच्या निकालाविरुद्ध जाणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. पुष्पगुच्छ कुठल्या गाडीत ठेवायचे, असे विचारायला शिपाई आला आणि ते त्याच्याबरोबर गेले.

परिचारिकेचा भाऊ बाहेर व्हरांड्यात उभा होता. लेक त्याच्यापाशी गेली.

“ताई, आता वाचतील ना?”

“नाही. आता दुसऱ्या साहेबांसमोर सुनावणी होईल. नव्याने.”

“पण आज वाचणार म्हणाला होतात. लिहिलं नाही का त्यांनी?”

“लिहिलंय.”

“सुटली, असं लिहिलंय?”

“हो.”

तो बंद होणाऱ्या कोर्टाच्या दाराकडे पाहत राहिला.

“मी सगळ्या भाषणांना टाळ्या वाजवल्या,” तो म्हणाला. “म्हटलं, साहेब खूश झाले तर लवकर वाचतील.”